आत्याच्या मोसंब्या दिल्लीला गेल्या त्याची हकिकत

बेलापूर,
चैत्र, सन १९७१

भंडारदऱ्याला धरणाच्या भिंतीवर उभं राहून सरकारचं पाणी राखणारे आमचे वडील आतेबंधू आप्पासाहेब यांच्या पायांवर बेलापूरच्या मच्छिंद्रनं डोकं ठेवलं आहे, असं समजून घ्यावं. (खरोखर ठेवायचं म्हटलं तरी सध्या जमणार नाही. माझी कंबर धरली आहे. का धरली ते पुढं येईल.) वहिनींचा खोकला थांबला का? चिरंजीव परीक्षेत पास झाले असतील तर त्यांच्या पाठीवर माझ्यातर्फे थाप द्यावी, आणि झाले नसतील तर गणितात राहिले असतील, कारण आपल्या घराण्यात गणित अजून कुणालाच सुटलेलं नाही. इकडे पाटाला पाणी आहे, आमची तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. गोजरआत्या, म्हणजे तुमच्या मातोश्री, खुशाल आहेत. इतक्या खुशाल आहेत की त्यांच्या खुशालीमुळं बाकीच्यांची तब्येत बिघडते. तुमची आई ट्रकमध्ये बसून दिल्लीला गेली, तिनं तिथला बाजार उलथा केला, वाटेत डाकूंना दम दिला, असं काहीबाही तुमच्या कानांवर आलं असेल. त्यातलं खोटं काय ते तुम्हाला कळवावं म्हणून मी लिहायला बसलो, पण एकेक आठवत गेलो तेव्हा लक्षात आलं की डाकू सोडले तर सगळंच खरं आहे. म्हणून आता पहिल्यापासून सांगतो.

शुगर फॅक्टरीतली टाइम ऑफिसची नोकरी सोडून मी जुना ट्रक घेतला हे तुम्हाला ठाऊक आहेच. दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळं शिस्त अंगात मुरली आहे (आमची मंडळी, छबू, तिला दुसरा शब्द वापरते). मी पहिल्या दिवशीच ठरवलं की इतर ट्रकवाले चालवतात तसा आपला ट्रक चालवायचा नाही. आपण कायद्यानं जायचं, कायद्यानं यायचं, आणि रस्त्यात कुणी हात केला तर छाती पुढं काढून कागद दाखवायचे. त्यासाठी मी मोटार कायद्याचं पुस्तक आणलं आणि रोज जेवण झाल्यावर मोठ्यानं वाचत गेलो. पोरं ऐकता ऐकता झोपत. छबू झोपत नसे, पण तिनं झोपावं असं वाटण्याइतकी ती अधूनमधून बोलत असे.

पहिली मोठी खेप म्हणून आत्याच्याच बागेच्या मोसंब्या दिल्लीला न्यायचं ठरलं. तुम्ही सरकारी नोकरीत, तेव्हा तुम्हाला या गोष्टी दिसत नाहीत. दरवर्षी आत्याच्या मोसंब्या गावच्या दलालामार्फत दिल्लीला जातात आणि दरवर्षी तिकडच्या आडत्याचं कार्ड येतं की माल पोचला, पण बाजार पडला. आत्या ते कार्ड माझ्याकडून वाचून घेते, पदरानं तोंड पुसते आणि गोठ्यात जाते. यंदा मीच माल नेतो म्हटल्यावर ती बरं म्हणाली. तिच्या आयुष्यात ती एवढ्या पटकन कधी बरं म्हणालेली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी तयारीला लागलो. मराठी शाळेतून भिंतीवरचा नकाशा मागून आणला. तो भिंतीवर लावल्यावर कळलं की तो पिकांचा नकाशा आहे. त्यात रस्ता एकही नव्हता, पण कुठं काय पिकतं ते रंगवून दाखवलं होतं. तरी मी नेट सोडला नाही. आपल्या उसातून निघायचं, खानदेशी कापसात शिरायचं, माळव्याच्या गव्हातून वर सरकायचं आणि पुढं जिथं हिरव्याचा पिवळा होतो तिथं डावीकडं दिल्ली, असा मार्ग मी आखला. (मनमाडला एका ड्रायव्हरनं तो पाहिला आणि म्हणाला की आग्रा रोड धरा आणि दिल्ली येईपर्यंत सोडू नका. तेही बरोबरच होतं.) पाच राज्यांतून जायचं म्हणून तात्पुरतं परमिट काढलं, टॅक्स भरला, विमा केला, गाडी तपासून दाखला घेतला. सगळे कागद एका कापडी बस्त्यात बांधले आणि बस्त्याला दोन गाठी मारल्या. लाल कंदील घेतला, वाळूच्या बादल्या अडकवल्या, चढावर चाकामागं लावायचा लाकडी ठोकळा घेतला, आयोडीनची बाटली घेतली. ती बाटली गाडीत चढवतानाच फुटली आणि माझा अंगठा कापला, पण आयोडीन आपोआपच लागलं.

ड्रायव्हर म्हणून यशया मिळाला. तुम्ही त्याला पाहिलं असेल, चर्चमागच्या आळीतला, उंचेला, दातांत फट असलेला. माणूस निर्व्यसनी, हात अगदी लोण्यासारखा. खोड एकच. त्याला बोलायला आवडतं आणि वाक्य संपलं की तो ब्रेक दाबतो. लहान वाक्याला हलका, मोठ्याला जोरात. मधे तो त्याच्या चर्चमधली गाणी म्हणतो. चढाला एक आणि उताराला दुसरं, त्यामुळं मागं झोपलेल्यालाही गिअर कळतो. क्लीनर म्हणून सहादेव. तो साठीला आला आहे आणि एका कानानं ऐकतो. क्लीनर तरणा असावा असं कायद्यात कुठं नाही, मी दोनदा पाहिलं. ब्रेकची परीक्षा आम्ही पाटाच्या उतारावर घेतली. गाडी झकास थांबली. थांबली नाही ती बादल्यांतली वाळू. ती सगळी यशयाच्या मानेवरून केबिनमध्ये आली आणि पुढं दिल्लीपर्यंत आमच्या भाकरीत निघत राहिली.

इथवर सगळं ठीक होतं. पण ट्रक दिल्लीला जातोय म्हटल्यावर गाव लोटलं. कुणाला लेकीकडं धुळ्याला जायचं, कुणाला इंदूरचा राजवाडा बघायचा, कुणाची खाट पोचवायची, आणि मागल्या आळीच्या रंगुबाईला कुठंच जायचं नव्हतं, पण इतके लोक चाललेत तर तिनं मागं का राहायचं, असं तिचं म्हणणं. माणसं मोसंब्यांच्या खोक्यांवर बसून हवा खात जाणार होती. मी पुस्तक घेऊन ट्रकच्या फाळक्यावर चढलो आणि साऱ्यांना नियम समजावून सांगितला. मालाच्या गाडीत ड्रायव्हर, क्लीनर, गाडीचा मालक आणि मालाचा मालक, एवढेच बसू शकतात. पाचवं माणूस बसलं तर तो गुन्हा. लोक बडबडत पांगले. आत्या खाली गवत घालून खोकी भरत बसली होती. तिनं मान वर न करता ते मधलं जरा पुन्हा वाचायला सांगितलं. मला बरं वाटलं, निदान घरचं एक माणूस तरी लक्ष देऊन ऐकतंय. मी पुन्हा वाचलं.

निघायच्या दिवशी आत्या गाठोडं घेऊन केबिनमध्ये बसलेली. मी म्हटलं, आत्या, उतर, कायदा आहे. ती म्हणाली, "मोसंब्या कुनाच्या?"

मी म्हटलं, तुझ्या.

"मंग मालाचा मालक कोन?"

आप्पादादा, मी फाळक्यावरून सगळ्या गावाला सांगितलेला नियम. पुस्तक उघडून पाहिलं, तर तेच लिहिलेलं. तिला म्हटलं, तुला काय करायचंय दिल्लीला? तर ती शांतपणे म्हणाली, "दरसाल बाजार पडतुया. कुठं पडतो ती जागा मला एकदा बघायची हाय."

मी शेवटचा उपाय केला. गाडी भरल्यावर वजन करावंच लागतं आणि आत्याचं वजन परमिटातल्या बोज्यात धरावं लागेल, म्हणून तिला काट्यावर एकटीला उभं केलं तर ती लाजून उतरेल असा माझा डाव होता. शेजारच्या गावच्या काट्यावर गाडी नेली आणि तिला खाली यायला सांगितलं. ती म्हणाली, "मी काय ऊस हाय?" आणि गाडीसकट तोलली गेली. वजन बरोबर बसलं. बोजाही कायद्यात, आत्याही कायद्यात. गावात परत आल्यावर नारळ फुटला, छबूनं सगळ्यांना ओवाळलं, गावानं टाळ्या वाजवल्या आणि आम्ही चौघे दाटीवाटीनं निघालो.

कोपरगावपर्यंत कुणी बोललं नाही, म्हणून गाडी सुरळीत गेली. पुढं यशयाला कंठ फुटला आणि आमची डोकी काचेवर आपटायला लागली. आत्यानं दोन-तीन धक्के सोसले, मग तिनं त्याला त्याच्या देवाची गोष्ट सांगायला लावली, पण मध्ये कुठं थांबायचं नाही या अटीवर. भल्या माणसानं नोहाचं तारू मालेगावला बांधायला घेतलं ते एका वाक्यात धुळ्यापर्यंत आणलं. प्रलय ओसरला तेव्हा आम्ही तापीचा पूल ओलांडत होतो. पाच तास चालवलं की अर्धा तास विसावा, हा नियम मी काटेकोर पाळला. आत्यालाही तो फार आवडला. विसाव्याला ती चूल मांडायची, आणि तिची चूल पेटून विझेपर्यंत काही अर्ध्या तासात होत नाही. माझ्या वेळापत्रकाची पहिल्याच दिवशी वाट लागली, पण कायद्यानं लागली.

आता मुख्य गोष्ट. शिरपूरच्या पुढं घाटाच्या अलीकडं राज्य संपतं तिथं नाका आहे. मी या क्षणाची महिनाभर वाट पाहिली होती. गाडी थांबल्या थांबल्या बस्ता घेऊन उतरलो आणि नाक्यावरच्या साहेबांपुढं एकेक कागद मांडला. साहेब मोठे सज्जन. चष्मा लावून सगळं वाचलं. इतके पूर्ण कागद फार दिवसांनी पाहिले म्हणाले. मला चहा सांगितला. मी भरात येऊन त्यांना पुस्तकही दाखवलं, खुणा केलेली पानं दाखवली. त्यांनी ते कौतुकानं चाळलं आणि एका पानाशी थांबले. मग बाहेर येऊन केबिनमध्ये डोकावले, बोटानं माणसं मोजली आणि गाडीच्या नोंदणीच्या कागदावर बोट ठेवलं. केबिनमध्ये जागा ड्रायव्हर धरून तिघांची. आम्ही चौघे.

खरं सांगतो आप्पादादा, मी वजन मोजलं, अंतर मोजलं, वाळू मोजली. बसायच्या जागा मोजायच्या राहिल्या. मी आखणी केली तेव्हा आम्ही तिघेच होतो आणि आत्या आयत्या वेळी आली. साहेबांनी अगदी हळहळून सांगितलं की कुणीतरी एकानं उतरायला हवं. कोण उतरणार? यशया उतरला तर गाडी कोण चालवणार? पुढं घाट, चाकामागं ठोकळा लावायला सहादेव हवाच. आत्या मालाची मालकीण, तिच्याशिवाय माल कुणाचा? साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. आत्यानं पाहिलं. यशयानं पाहिलं. सहादेवानं उशिरा पाहिलं, कारण त्याला ऐकू आलं नव्हतं. या प्रवासाला ज्याची काहीच गरज नाही असा एकच माणूस तिथं होता आणि सगळी योजना त्यानंच केलेली होती.

मी आत्याच्या हातात बस्ता दिला. तिला पाच राज्यांची नावं पाठ म्हणून दाखवायला लावली, ती तिनं शेवटून सुरू केली. यशयाला म्हटलं, ही माझ्या बापाची बहीण आहे, जपून ने. तो गंभीर झाला, मावशीला काचेचा कंदील नेतात तशी नेतो म्हणाला आणि वाक्य संपल्यावर सवयीनं ब्रेक दाबला. गाडी उभीच होती. मग घाटाचं गाणं सुरू झालं, वळणापाशी बारीक होत गेलं आणि मी नाक्यावर एकटा राहिलो. आत्या ज्या वाटेला निघाली तिथली भाषा तिला येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि तुम्हाला मी काय तोंड दाखवणार होतो? त्या वेळी हसू आलं नव्हतं, हे आत्ता हसत लिहितोय तरी कळवतो.

एसटी धरून घरी यावं असं दहादा मनात आलं. पण ज्या गावानं टाळ्या वाजवून पाठवलं तिथं तिसऱ्या दिवशी पायी कसं शिरायचं? शिवाय ट्रक माझा, आत्या माझी. नाक्याजवळ एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याचं चहाचं हॉटेल आहे, तिथं बाकावर मुक्काम ठोकला. उगाच बसणं जमेना म्हणून येणाऱ्या ड्रायव्हरांचे कागद बघून द्यायला लागलो. कुणाचा विमा संपलेला, कुणाच्या मागच्या दिव्याला काच नाही, मी आधीच सांगायचो आणि मग ते नाक्यावर जायचे. थोड्याच दिवसांत लोक मला वकीलसाहेब म्हणू लागले. (हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेणं सोडलं, कारण माझ्यामुळं गिऱ्हाईक वाढलं.)

बातम्याही तिथंच मिळत. उत्तरेकडून आलेला एक सरदारजी म्हणाला, इंदूरच्या पुढं लिंबाखाली एक म्हातारी ड्रायव्हरांना ओळीनं बसवून भाकरी वाढते आणि अर्धा तास झाल्याशिवाय कुणालाही उठू देत नाही. मी विचारलं, नऊवारी? तो म्हणाला, नऊवारी की काय ते ठाऊक नाही, पण हातात उलथनं होतं. दुसऱ्यानं सांगितलं, ग्वाल्हेरजवळ तिनं पुढं घुसणाऱ्या एका ट्रकला मोठ्यानं त्याच्या आईचं नाव विचारलं आणि तो मागं गेला. मग एक जण डोळे विस्फारून सांगत आला की धौलपूरच्या बाजूला दरोडेखोरांनी गाडी अडवली, म्हातारीनं त्यांना मोसंब्या दिल्या आणि घरी जाऊन आईला भेटा असं बजावलं, तेव्हा ते रडले. त्या रात्री मला घास गेला नाही. तुमचा चेहरा सारखा समोर येत होता, तोही सरकारी टोपीसकट.

आणि एके सकाळी उताराचं गाणं ऐकू आलं. मी बाकावरून उठून रस्त्यात धावलो. ट्रक आला, पण मला तो ओळखू येईना, कारण त्याच्यातून हजार भांडी एकदम पडल्यासारखा आवाज येत होता. केबिनमधून आत्या उतरली. काळवंडलेली, पण ताठ. मी पाया पडलो. ती म्हणाली, "मच्छिंदर, तू वाळलास. इथं तुला खायला घालत न्हाईत व्हय?"

दिल्लीची हकिकत तिनं हॉटेलच्या बाकावर बसून सांगितली आणि ती मी तुम्हाला तिच्या शब्दांत देत नाही, कारण मध्ये मध्ये जे शब्द आहेत ते पत्रात शोभत नाहीत. आडत्यानं नेहमीप्रमाणे सांगितलं की माई, बाजार गिर गया. आत्यानं गिर म्हणजे काय ते यशयाला विचारून घेतलं आणि आडत्याला म्हणाली की चल, दाखव कुठं पडलाय. तो हसला. ती हसली नाही. ती त्याला पुढं घालून सबंध मंडीत हिंडली, प्रत्येक गाळ्यात मोसंबी हातात घेऊन दर विचारत गेली आणि बाजार तिला कुठंच पडलेला दिसेना, सगळीकडं तो चांगला उभा होता. मग तिच्या मालाची बोली सुरू झाली. तिकडं बोली लावतात ती हातावर रुमाल टाकून, आत बोटांनी. कोण किती म्हणतो ते फक्त त्या दोघांना कळतं. आत्यानं थोडा वेळ पाहिलं, खोक्यावरून उतरली आणि तो रुमाल उचलला.

"हात कशापायी झाकायचे? चोरी हाय का? माल माझा हाय, मला बघू द्या."

यशया म्हणतो, हमालसुद्धा ओझी खाली ठेवून बघायला आले. आडत्या म्हणाला की ही इथली रीत आहे. आत्यानं रुमालाची घडी करून कमरेला खोचली आणि पुन्हा खोक्यावर जाऊन बसली. दिवस वर चढला, माल उन्हात, आणि कुणी बोली लावेना. तिथं खरी परीक्षा होती, कारण मोसंबी वाट बघत नाही. यशया घाबरला, मावशी रुमाल देऊन टाक म्हणाला. तिनं दिला नाही. तिनं एक खोकं फोडलं आणि येईल त्याला मोसंबी सोलून खायला द्यायला लागली. हमालांनी खाल्ली, मग शेजारच्या गाळेवाल्यांनी, मग एका सरबतवाल्यानं खाल्ली आणि तोंड पुसून सगळ्यांदेखत उघड्यावर दर बोलला. त्याच्यावर दुसरा बोलला. संध्याकाळपर्यंत गाडी रिकामी झाली. आडत्यानं रुमाल परत मागितला, तो तिनं दिला, वर दोन मोसंब्याही दिल्या. आणि डाकू म्हणजे, आप्पादादा, ते शिरगणतीचे मास्तर होते. रस्त्यात उभे राहून माणसं लिहून घेत होते आणि उन्हानं दमले होते. आत्यानं आपलं नाव दिलं. पण ती इकडं बेलापुरात आधीच मोजलेली होती, म्हणजे देशात एक म्हातारी जास्त झाली. याची दुरुस्ती कुठं करून घ्यावी ते कृपया तुमच्या साहेबांना विचारून कळवावं, मला झोप लागत नाही.

रिकामी गाडी आणायची नाही म्हणून तिनं परतीला पत्र्याच्या ट्रंका भरून आणल्या. आपल्याकडं लग्नसराई, ट्रंका हव्यातच. आता मी घरी जायला चढू लागलो, तर साहेब पुन्हा चष्मा लावून आले. आत्या पुन्हा मालाची मालकीण, जागा पुन्हा तीनच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण साहेबांनीच पुस्तक मागितलं आणि जाताना आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटलेलं एक पान काढून वाट दाखवली. माल चढवायला उतरवायला लागणारे हमाल मालाबरोबर मागं बसू शकतात, ठरावीक संख्येत. आत्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, दंड चाचपून पाहिला आणि ठेवला कामावर. अशा रीतीनं मी, गाडीचा मालक, माझ्याच गाडीत ट्रंकांमध्ये बसून बेलापूरला आलो. आणि एकदा हमाल म्हणून बसल्यावर काम केलं नसतं तर ती सरकारची फसवणूक झाली असती. सगळ्या ट्रंका मी उतरवल्या. गाव बघत होतं. कंबर तिथं धरली.

तर अशी ही खेप सुखरूप आणि कायद्याला धरून पार पडली. एकही दंड नाही, एकही अपघात नाही. तुम्ही अभिमान बाळगावा अशी तुमची आई आहे आणि तुम्ही बाळगाल अशी माझी खात्री आहे, पण तो जरा लांबून बाळगू नये, जवळ घेऊन बाळगावा, असं सुचवून हे पत्र आवरतं घेतो. घरात लहान असतील त्यांचे माझ्यातर्फे गालगुच्चे घ्यावेत, मोठ्यांना वाकून नमस्कार सांगावा आणि मला तूर्त वाकण्यातून माफी असावी.

तुमचा,
मच्छिंद्र

ता.क. भंडारदऱ्याची हवा म्हाताऱ्या माणसांना फार मानवते असं ऐकतो. आत्याला तीन-चार महिने तिकडं बोलावून घ्यावं. तिला धरण बघायचंच आहे. (तसं ती म्हणालेली नाही, पण विचारलं तर म्हणेल.)

दुसरा ता.क. तुम्ही वडील आहात, तुमच्यापासून काय लपवायचं. नाक्यावर असताना मी छबूला पत्रं लिहिली आणि त्यांत दिल्लीचं वर्णन केलं. लाल किल्ला लिहिला, कुतुबमिनार लिहिला, त्यावर चढलो आणि वरून वारा लागला असंही लिहिलं. मोटार कायद्यात याविरुद्ध काही नाही. पण आत्याला हे कळलं आहे. ती छबूला काही सांगत नाही. फक्त तिला गाडी हवी झाली की आमच्या ओट्यावर येऊन बसते आणि "छबू, दिल्लीत काय झालं म्हनं..." एवढंच म्हणून माझ्याकडं बघते. मी लगेच गाडी देतो. आता ती कलकत्त्याचं नाव काढू लागली आहे आणि वाटेतली राज्यं मला पाठ करायला लावते. म्हणून हवापालट तातडीनं व्हावा. हे पत्र वाचून फाडून टाकावं.

तिसरा ता.क. आप्पाभावजींना छबूचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलं, पाकीट नीट चिकटलं नव्हतं म्हणून वाचलं. आत्याबाईंनी मला आल्या दिवशीच सारं सांगितलंय. मीच त्यांना म्हणाले, यांना कळू देऊ नका, कारण दिल्लीहून आल्यापासून हे न सांगता आडाचं पाणी भरतात आणि जेवताना पुस्तक वाचत नाहीत. तेव्हा आत्याबाईंना तिकडं बोलावू नका. पुढच्या खेपेला आम्ही दोघी जाणार आहोत. कुतुबमिनारावर वारा लागतो का, ते घरातल्या एका माणसानं तरी बघून यायला पाहिजे.